नोंद होताच

बुलढाणा जिल्ह्यात पावसाची चौकशी करताना माणसं आधी विचारतात, घाटावर की घाटाखाली? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखालचे, पूर्णेच्या खोऱ्याकडचे. त्यांच्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर. एकाच दिवशी घाटावर नुसती भुरभुर आणि खाली नाल्यांना पूर, असं इथं नवल नाही. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागात पावसाने शेतं खरडून नेली. जिल्ह्याची सरासरी काढली असती तर त्या दिवसाचा खरा आकडा तेरा तालुक्यांत वाटून नाहीसा झाला असता. याच जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत ऐकायला लांबून लोक येतात. भाकीत कुणाचंही असो, पडलेला पाऊस मात्र मोजल्याशिवाय कळत नाही आणि लिहिल्याशिवाय टिकत नाही.

सरकारी मोजमापाचं एकक आहे महसूल मंडळ. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की राज्याच्या निकषांत ती अतिवृष्टी. मंडळांचे आकडे आता ‘महावेध’ प्रकल्पातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांतून येतात; २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं उभी राहिली. पण एका मंडळात बरीच गावं असतात आणि ढग मंडळाची हद्द पाळत नाहीत. म्हणून काही शेतकरी गट आपल्या गावात साधं पर्जन्यमापक लावतात. भरपाई मंडळाच्या आकड्यावर ठरत असली, तरी फवारणी पुढे ढकलायची का, कोणत्या शिवारात आधी पाहणीला जायचं, हे गावच्या आकड्यावरून ठरवता येतं.

समजा, अशाच एका गटाने हे आकडे गूगल शीटमध्ये लिहायला घेतले. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. तेव्हा मागच्या चोवीस तासांचं पाणी मोजतात. आठ-दहा गावांतून फोन येतात, व्हॉट्सॲपवर निरोप येतात, एक जण आकडे भरतो. आकडा भरणं हे काम तसं पाच सेकंदांचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं: नोंद किती वाजता झाली ते शेजारी लिहायचं, ६५ च्या वर असेल तर ओळ रंगवायची, गटप्रमुखाला कळवायचं, काल चुकलेला आकडा आज दुरुस्त केला असेल तर जुना कुठे तरी टिपून ठेवायचा. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात हे सगळं होतं. पोळा येईपर्यंत फक्त आकडे उरतात.

ही मागची कामं माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नयेत, सेलमधला बदल हाच त्यांचा इशारा व्हावा, एवढीच या प्रकरणातली कल्पना आहे. त्यासाठी लागणारा प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा असतो. पण त्या ओळींत काय घालायचं आणि काय घालायचं नाही, हे कळायला आधी आपल्याच दप्तरातली एक जुनी पद्धत पाहू.

सातबारा आणि नमुना सहा

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते तो सांगतो. ती त्या नावावर कशी आली, हे मात्र गाव नमुना सहा सांगतो, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की आधी फेरफाराची नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. हाताने लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत. पुढे कुणी विचारलं तर त्या क्रमांकावरून मूळ कागद काढता येई.

आता यातलं पहिलं पाऊल संगणकाने उचललं जातं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला की ई-फेरफार प्रणालीतून त्याची माहिती तहसीलकडे जाते आणि फेरफाराची प्रक्रिया सुरू होते. एका ठिकाणी झालेली नोंद दुसऱ्या ठिकाणचं काम आपणहून चालू करते. प्रमाणित करणं मात्र अधिकाऱ्याकडेच राहिलं आहे.

आपल्या पावसाच्या शीटला नेमकं हेच हवं आहे. ‘पाऊस’ नावाचं पान म्हणजे तिचा सातबारा: आजची स्थिती. ‘फेरफार’ नावाचं दुसरं पान म्हणजे तिचा नमुना सहा: काय होतं, काय झालं, केव्हा झालं. पहिल्या पानावर हात लागला की दुसऱ्या पानावर ओळ पडली पाहिजे.

सूत्राला काल आठवत नाही

इथे कुणी म्हणेल, शीटमध्ये सूत्रं असतात, मग प्रोग्राम कशाला? शंका रास्त आहे, आणि अर्ध्या कामांपुरती बरोबरही आहे.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-टू या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ आणलं. त्यातली जादू एकच होती: एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे बदलतात. तोवर हिशेबाच्या मोठ्या कागदावर एक रक्कम चुकली की खालच्या सगळ्या बेरजा खोडाव्या लागत. एक्सेल १९८५ मध्ये आलं, गूगलची शीट २००६ मध्ये, तरी पायाभूत कल्पना तीच राहिली.

पण सूत्राला फक्त आत्ताचं दिसतं. सेलमध्ये आता ७२ आहे हे त्याला कळतं. मघाशी २७ होते हे कळत नाही. म्हणूनच नोंदीची वेळ लिहायला लोक ‘नाऊ’ हे सूत्र वापरतात आणि फसतात. ते आत्ताची वेळ दाखवतं, आणि शीटमध्ये कुठेही बदल झाला की पुन्हा आत्ताची वेळ दाखवतं. जूनमधल्या सगळ्या नोंदी मग ऑगस्टमधल्या एकाच मिनिटाला झालेल्या दिसतात.

यावरून कामांची वाटणी सोपी होते. ‘६५ पेक्षा जास्त असेल तर अतिवृष्टी लिही’ हे सूत्राचं काम. ओळ रंगवणं हे अटीनुसार रंग देण्याच्या सोयीचं काम; तिथेही प्रोग्राम नको. वेळेचा शिक्का, जुना आकडा जपणं, निरोप पाठवणं ही कामं मात्र घटनेची आहेत. बदल झाला त्या क्षणी ती झाली तर झाली. नंतर कोणतंही सूत्र ती करू शकत नाही. स्क्रिप्ट, म्हणजे आपला छोटा प्रोग्राम, फक्त यांच्यासाठी लिहायची. जे सूत्राने भागतं ते स्क्रिप्टमध्ये कोंबलं की शीट संथ होते आणि ती उघडणाऱ्या पुढच्या माणसाला आकडा कुठून आला तेच कळत नाही.

पाळतीवरचं फंक्शन

गूगल शीटच्या ‘एक्स्टेन्शन्स’ या मेन्यूत ‘ॲप्स स्क्रिप्ट’ असतं. ही सोय २००९ पासूनची; भाषा जावास्क्रिप्ट. तिथे ‘ऑनएडिट’ या नावाचं फंक्शन लिहून ठेवलं की शीटमध्ये कुणीही हाताने बदल केला तर ते आपोआप चालतं. फंक्शनला असं आपोआप चालवणाऱ्या इशाऱ्याला ट्रिगर म्हणतात. नाव नेमकं तेच हवं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट. गूगल त्या नावावरूनच ते ओळखतं. वेगळी परवानगी लागत नाही, बटण दाबावं लागत नाही. स्क्रिप्ट फोनमध्ये चालत नाही, गूगलच्या सर्व्हरवर चालते. म्हणून शेताच्या बांधावरून मोबाइलवर आकडा भरला तरी काम होतं. फक्त स्क्रिप्ट लिहायला मोबाइलचं ॲप पुरत नाही. त्यासाठी संगणकावर बसावं लागतं.

दर वेळी चालताना या फंक्शनच्या हातात गूगल एक पुडकं देतं. त्यात बदल कोणत्या जागी झाला, नवा मजकूर कोणता आणि जुना कोणता, एवढी माहिती असते. तिच्या आधारे आपली स्क्रिप्ट पुढच्या पायऱ्या चढते:

१. बदल ‘पाऊस’ पानावर झाला का? नसेल तर थांब.

२. मिलिमीटरच्या रकान्यात झाला का? नसेल तर थांब.

३. ओळ पहिली, म्हणजे शीर्षकांची आहे का? असेल तर थांब.

४. मराठी अंक असतील तर इंग्रजी कर. तरीही आकडा होत नसेल तर शेऱ्यात ‘आकडा तपासा’ लिही.

५. ‘नोंदीची वेळ’ या रकान्यात आत्ताची वेळ लिही. सूत्र म्हणून नव्हे, पक्की किंमत म्हणून.

६. ‘फेरफार’ पानाच्या शेवटी एक ओळ जोड: वेळ, गाव, मोजमापाची तारीख, जुना आकडा, नवा आकडा.

पहिल्या तिन्ही पायऱ्या ‘थांब’ म्हणतात, याकडे लक्ष द्यावं. ऑनएडिट शीटमधल्या प्रत्येक बदलाला चालतं. कुणी गावाच्या नावातला काना सुधारला तरी चालतं. त्यामुळे बहुतेक वेळा काही न करता परत फिरणं हाच त्याचा पहिला गुण. नवशिक्यांच्या स्क्रिप्ट बिघडतात त्या बहुधा इथेच: सगळ्या पानांवर वेळेचे शिक्के पडतात आणि शीर्षकांशेजारीही तारखा उगवतात.

पाचव्या पायरीत वेळ, सहाव्या पायरीत मोजमापाची तारीख, या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या आहेत. मंगळवारी सकाळी मोजलेलं पाणी रेंज नसल्यामुळे बुधवारी दुपारी भरलं जाऊ शकतं. मोजमापाची तारीख माणसाने लिहायची, नोंदीची वेळ यंत्राने. दोन्हींतलं अंतर सतत वाढताना दिसलं तर कोणत्या गावाचे आकडे अंदाजाने मागाहून भरले जात आहेत, याचा सुगावा लागतो.

आकडा म्हणजे काय, हे यंत्राला सांगावं लागतं

मराठी कीबोर्डवरून भरलेला ‘६५’ आपल्यासाठी पासष्टच असतो. जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही. मराठी अंकांचं संख्येत रूपांतर करायला सांगितलं की उत्तर येतं, ही संख्या नाही. म्हणून चौथी पायरी. दहा अंकांची अदलाबदल करायला दोन ओळी पुरतात, पण त्या नसतील तर नेमकी मराठीत भरलेली गावं हिशेबातून गळतात आणि शीटवर वरवर सगळं ठीक दिसतं. ‘६५ मिमी’ असं एककासकट लिहिलं तरी तीच गत. तिथे मात्र अंदाज बांधण्यापेक्षा ‘आकडा तपासा’ म्हणून परत पाठवणं बरं.

याहून घातक आहे रिकामा सेल. पाऊस पडला नाही म्हणजे शून्य. निरोपच आला नाही म्हणजे रिकामं. शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. जावास्क्रिप्टला सांगावा लागतो. रिकाम्या मजकुराचं संख्येत रूपांतर केलं की ती भाषा बिनदिक्कत शून्य देते. पुरामुळे ज्या गावाचा संपर्क तुटला, त्या गावाची नोंद मग ‘पाऊस शून्य’ अशी होते. ज्या दिवशी आकड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी यंत्र सर्वांत ठाम खोटं बोलतं. म्हणून रूपांतराच्या आधी सेल रिकामा आहे का हे पाहायचं, आणि असेल तर शेऱ्यात ‘नोंद नाही’ लिहायचं.

तारखांचाही असाच खोडा आहे. फाइलच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला असेल तर ५/७ म्हणजे ७ मे. देश भारत केला की तीच ५ जुलै होते. त्याच ठिकाणी वेळ भारतीय आहे ना, हेही पाहून घ्यावं. हे काम स्क्रिप्ट लिहिण्याआधीचं आहे. नंतर केलं तर जुन्या तारखा दुरुस्त करता करता पावसाळा सरतो.

मर्यादेचं गणितही नीट वाचायला हवं. राज्याचा निकष ‘६५ पेक्षा जास्त’ असा आहे, तर हवामान खात्याच्या वर्गवारीत जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. ६४.८ मिलिमीटर हा खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस असतो, महसुली निकषात अतिवृष्टी नसते. सूत्रात ‘पेक्षा जास्त’चं चिन्ह हवं की ‘इतका किंवा जास्त’चं, हा प्रश्न संगणकाचा नाही, तो शासन निर्णय वाचूनच सुटतो.

साध्या ट्रिगरच्या मर्यादा

ऑनएडिट बिनपरवानगी चालतं, म्हणून त्याला अधिकारही बेताचे. ते तीस सेकंदांपेक्षा जास्त चालू शकत नाही. दुसरी फाइल उघडू शकत नाही. ईमेल पाठवू शकत नाही. सूत्राचं उत्तर बदललं तर ते जागं होत नाही. माणसाचा हात लागला तरच. गूगल फॉर्ममधून आलेली ओळही त्याला हात लागल्यासारखी वाटत नाही. त्या कामाला वेगळा ट्रिगर आहे. दोघं-तिघं एकाच वेळी भराभर भरत असतील तर एखादा बदल निसटण्याचीही शक्यता असते.

सर्वांत जास्त वेळा नडणारी गोष्ट वेगळीच आहे. भरणारा माणूस एकेक आकडा लिहिण्याऐवजी दहा गावांची यादी दुसरीकडून उचलून एकदम चिकटवतो. अशा वेळी हातातल्या पुडक्यात नवा मजकूर नसतो आणि जुनाही नसतो. फक्त कोणता पट्टा बदलला एवढंच कळतं. एकाच सेलचा विचार करून लिहिलेली स्क्रिप्ट इथे गप्प बसते किंवा पहिल्या ओळीलाच शिक्का मारते. उपाय असा की पट्ट्यातले सगळे आकडे एकदम वाचून घ्यायचे, ओळीमागून ओळ तपासायची आणि वेळेचे शिक्के एकदमच लिहायचे. दर सेलसाठी वेगळी फेरी मारली तर तीस सेकंद पाहता पाहता संपतात. जुने आकडे मात्र अशा वेळी मिळत नाहीत, म्हणून फेरफाराच्या पानावर ‘एकत्रित भरणा’ असा शेरा ठेवावा.

गटप्रमुखाला ईमेल पाठवायचा असेल तर दुसऱ्या जातीचा ट्रिगर लागतो. तो आपण मुद्दाम बसवायचा असतो आणि बसवताना गूगल परवानगी मागतं. तो बसवणाऱ्याच्या नावाने, त्याच्या अधिकाराने चालतो. यात फायदाही आहे. ‘फेरफार’ पान कुणी खाडाखोड करू नये म्हणून आपण त्याला कुलूप लावलं, तर साधं ऑनएडिट तिथे लिहू शकत नाही, कारण ते आकडा भरणाऱ्याच्याच अधिकाराने चालतं. बसवलेला ट्रिगर मालकाच्या अधिकाराने चालतो आणि कुलूपबंद पानावर लिहितो.

तोट्याची बाजू पुढे कळते. ज्या हुशार मुलाने ट्रिगर बसवला तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचं खातं बंद झालं, की निरोप थांबतात. फाइलची प्रत काढली तर स्क्रिप्ट बरोबर येते, बसवलेला ट्रिगर येत नाही. म्हणून तो गटाच्या सामाईक खात्यातून बसवावा. मोफत खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला शंभर जणांनाच ईमेल जातात, हेही ध्यानात ठेवावं. एका आकड्यावर एकदाच निरोप जावा म्हणून ‘कळवले’ असा रकाना हवा. नाही तर ७१ चे ७१.५ केले की दुसरा ईमेल, त्याचे ७२ केले की तिसरा. दिवसाला तीन निरोप येऊ लागले की आठवड्याभरात माणूस ते न वाचताच पुसू लागतो.

कोणी बदल केला, हे मात्र या पद्धतीने खात्रीने कळेलच असं नाही. साध्या मोफत खात्यांत भरणाऱ्याची ओळख गूगल स्क्रिप्टला बऱ्याचदा देत नाही. शीटच्या आवृत्तींच्या इतिहासात नाव दिसतं, पण तो इतिहास उलगडून पाहायचा असतो, त्यावर बेरीज-वजाबाकी करता येत नाही. दोन्ही ठेवावेत: रोजच्या चाळणीसाठी फेरफार पान, वाद उपस्थित झाला तर आवृत्तींचा इतिहास. शिवाय ज्याला शीट संपादित करता येते त्याला स्क्रिप्टही उघडता येते. ही सोय प्रामाणिक चुका पकडण्यासाठी आहे. लबाडी रोखायला हिचा उपयोग नाही.

एक्सेलवाल्यांसाठी

खामगाव-मलकापूरच्या आडत दुकानांतून किंवा कर सल्लागारांच्या कचेऱ्यांतून संगणकावर एक्सेलच उघडलेलं दिसतं, आणि इंटरनेट नसतानाही काम चालावं हा त्याचा मोठा गुण. तिथे ही सोय जुनी आहे. १९९३ पासून एक्सेलमध्ये व्हीबीए ही प्रोग्रामची भाषा आहे आणि ‘वर्कशीट चेंज’ या घटनेला तिच्यातला छोटा प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, जोडता येतो.

दोन्हींत एक मोठा फरक आहे. गूगल शीटमध्ये स्क्रिप्टने केलेला बदल ऑनएडिटला पुन्हा जागं करत नाही. एक्सेलमध्ये करतो. मॅक्रोने वेळ लिहिली की तो बदल, त्यामुळे मॅक्रो पुन्हा चालतो, पुन्हा लिहितो, आणि एक्सेल गोठतं. म्हणून लिहिण्याआधी घटना बंद करायच्या आणि लिहून झालं की चालू करायच्या, अगदी मध्ये चूक झाली तरी चालू होतील अशी तजवीज करून. मॅक्रोने काही लिहिलं की ‘अनडू’ची यादीही पुसली जाते, हे भरणाऱ्याला आधीच सांगावं. फाइल मॅक्रोसह जतन करण्याच्या प्रकारातच ठेवावी. साध्या प्रकारात जतन केली तर मॅक्रो गळून पडतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, त्यामुळे ईमेलने आलेली फाइल दुसऱ्या संगणकावर मुकी निघू शकते. लिबरऑफिसमध्येही पानाच्या ‘मजकूर बदलला’ या घटनेला मॅक्रो जोडता येतो.

मर्यादा बदलतात, स्क्रिप्ट बदलू नये

पावसाळा संपतो आणि हीच शीट सोयाबीनच्या खरेदीला जुंपावीशी वाटते. शेतकरी उत्पादक कंपनीचं केंद्र असेल तर दर पोत्यामागे वजन आणि ओलावा भरला जातो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. एखाद्या उत्साही माणसाने ‘१२’ हा आकडा स्क्रिप्टमध्ये चार ठिकाणी लिहून ठेवला असता, तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पंचाईत झाली असती, कारण केंद्र सरकारने त्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेलं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली. हमीभावही दर वर्षी बदलतो: २०२४-२५ मध्ये सोयाबीनला क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८ झाला.

म्हणून नियमातले आकडे स्क्रिप्टच्या पोटात ठेवू नयेत. ‘मर्यादा’ नावाचं तिसरं पान करावं: नियम, आकडा, कधीपासून लागू, कोणत्या आदेशाने. सूत्रं आणि स्क्रिप्ट दोघांनीही तिथूनच वाचावं. नियम बदलला की प्रोग्राम न येणारा माणूसही एक सेल बदलेल आणि काम पुढे चालेल. त्या पानावर झालेला बदलही ‘फेरफार’मध्ये नोंदवला गेला पाहिजे, किंबहुना तोच सर्वांत आधी, कारण तिथला एक आकडा हलला की शेकडो ओळींचे शेरे उलटतात.

आता ओलावा १३ टक्के भरला गेला तर शीटने काय करावं? ‘मर्यादेबाहेर’ एवढं लिहावं आणि थांबावं. ‘नाकारले’ लिहू नये. मापक नीट लावला होता का, पुन्हा मोजायला हवं का, दोन दिवस वाळवून आणायला सांगायचं का, हे केंद्रावरचा माणूस समोरच्या शेतकऱ्याशी बोलून ठरवील. फेरफाराची नोंद संगणकाने धरली तरी प्रमाणीकरण मंडळ अधिकाऱ्याचंच लागतं; तसंच हेही. एकदा ‘नाकारले’ असा शिक्का आपोआप पडू लागला की तो कुणी मारला, हे विचारायला समोर माणूसच उरत नाही.

सुरुवात कुठून करावी

स्क्रिप्टचा संपादक उघडण्याआधी आठवडाभर कागदावर काम करावं. शीटमध्ये एक नोंद केल्यानंतर आपण हाताने काय काय करतो, ते क्रमाने लिहावं. यादी झाली की प्रत्येक पायरीपुढे विचारावं: हे करताना कधी विचार करावा लागला का? वेळ लिहिताना विचार करावा लागत नाही, जुना आकडा टिपतानाही नाही. ही कामं स्क्रिप्टला द्यावीत. दोन गावांच्या आकड्यांत फार तफावत दिसली तेव्हा आपण फोन उचलून विचारलं असेल, तर ते काम आपल्याकडेच ठेवावं. स्क्रिप्टने फार तर तफावत दाखवावी.

मग एकाच कामापासून सुरुवात करावी: नोंदीची वेळ. ते पंधरा दिवस बिनचूक चाललं की फेरफाराचं पान जोडावं. ईमेल सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम चुका करून पाहाव्यात: सेल रिकामा करा, मराठी अंक भरा, ‘६५ मिमी’ लिहा, दहा ओळी एकदम चिकटवा, शीर्षकाला हात लावा. या पाच चाचण्यांत टिकलेली स्क्रिप्ट सहसा पावसाळाभर टिकते.

आणि स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पायरीच्या वर, दोन तिरक्या रेघा मारून, ती का आहे ते मराठीत लिहावं. त्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही. ते पुढच्या माणसासाठी असतं. ‘रिकामा सेल शून्य धरू नये, कारण निरोप न येणं म्हणजे पाऊस नसणं नव्हे’ एवढं एक वाक्य तिथे असलं, तर दोन वर्षांनी कुणी ती ओळ अनावश्यक समजून पुसणार नाही. शीटमधल्या बदलाला जसं फेरफाराचं पान, तसं स्क्रिप्टमधल्या निर्णयाला हे एक वाक्य. हिशेब ठेवणारा माणूस बदलेल, गटाचा अध्यक्ष बदलेल, मर्यादाही बदलतील. नवीन येणाऱ्याला कुणालाही न विचारता काम पुढे नेता आलं, तरच ते दप्तर गटाचं झालं असं म्हणता येईल.